रिपोर्टच्या आदल्या दिवशी

बाईंच्या दवाखान्यात वजनकाट्याला टोपडं होतं. हसू नका, खरंच होतं. जुन्या खणाच्या कापडाचं, कडेला नाडी असलेलं, तान्ह्या बाळाच्या डोक्याला बांधतात तसलं. पोरगं काट्यावर उभं राहिलं की बाई वाकून टोपडं जरासं उचलायच्या, आकडा बघायच्या आणि पुन्हा झाकून टाकायच्या. तो आकडा पोराला दिसायचा नाही, आईला दिसायचा नाही, आणि मी तिथली आहारतज्ज्ञ असून पहिले सहा महिने मलाही दिसला नाही. एका वडिलांनी एकदा हट्टच धरला, "अहो, मुलगा माझा आहे. आकडा कळायला नको?" बाई म्हणाल्या, "मुलगा तुमचा. आकडा माझा. इलाज मी करतेय, म्हणजे मार्क मला पडतात. माझे मार्क तुम्हाला कशाला दाखवू?"

बाई म्हणजे आमच्या डॉक्टर. लहान मुलांच्या डॉक्टर होत्या, पण शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी फक्त वजन फार वाढलेली मुलं बघितली. शनिवार पेठेत पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचा दवाखाना. पांढरे केस पोरासारखे कापलेले, अंगात सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. लग्नाकार्यालाही तेच बूट. दारावर नावाच्या पाटीखाली दुसरी पाटी होती: 'मुलांच्या वजनावर विनोद करणाऱ्या नातेवाईकांनी बाहेर बसावे. बाहेर पंखा नाही.' आत आल्यावर एखादा मामा "डॉक्टर, आमचा गणपती बघा जरा," असं म्हणालाच, तर बाई नुसतं बोट दाराकडे करायच्या. मे महिन्यात त्या बाकावर दीड-दीड तास घाम पुसत बसलेले मामा मी पाहिलेत.

तळमजल्यावर रबरी शिक्के करणाऱ्या काकांचं दुकान होतं. बाईंनी त्यांच्याकडून एक शिक्का करून घेतला होता. त्यावर दोनच शब्द: 'माहीत नाही'. काका म्हणाले होते म्हणे, "बाई, चाळीस वर्षांत असा शिक्का कोणी मागितला नाही. 'तातडीचे' करून देऊ का? जास्त खपतो." बाईंनी तोच घेतला. केसपेपरवर 'कारण' असं छापलेलं असायचं, त्याच्यापुढे बहुतेक वेळा हा जांभळा शिक्का पडायचा. हिंजवडीला नोकरी करणारे एक गृहस्थ चिडून म्हणाले, "मॅम, एवढ्या टेस्ट केल्या, रूट कॉज काय आहे ते तरी सांगा." बाईंनी शिक्का शाईच्या डबीत बुडवला, फुंकर मारली आणि ठप्पकन मारला. "शोधतेय. सापडलं की कळवीन. तोवर मुलाला आळशी म्हणू नका, कारण तेही तुम्हाला माहीत नाही."

मी नवीन होते तेव्हा मला त्या शिक्क्याची लाज वाटायची. शिकून आलेली होते ना. माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला तक्ता होता. आणि माझी जीभ मुळातच तिखट. आई म्हणायची, हिला मिरची लागत नाही, हीच मिरचीला लागते. बाईंनी मला का घेतलं असं कोणी विचारलं असतं, तर तेही त्यांनी त्या शिक्क्यावरच भागवलं असतं.

पण बाईंची खरी तऱ्हा पुढेच आहे. पोराला जो डाएट चार्ट द्यायचा, तो त्या आधी स्वतः आठवडाभर जेवायच्या. आठ वर्षांच्या मुलासाठी लिहिलेलं जेवण सत्तरीला टेकलेली बाई मोजून जेवायची, आणि मग चार्टवर आपल्या हातानं शेरे लिहायची. 'बुधवारी दोडका देऊ नये, मंगळवारच्या दोडक्याचा राग गेलेला नसतो.' 'साडेदहाला भूक लागते, मधल्या सुट्टीपर्यंत धीर निघत नाही, फुटाणे वाढवणे.' आम्ही पोरांना उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं खाणं सांगतो, हे मला तोवर कळलंच नव्हतं. मंडईतल्या भाजीवाल्या बायकांना हे सगळं ठाऊक होतं. बाई रोज पाचच्या सुमाराला पिशवी घेऊन गेल्या की त्यांची ठरलेली मावशी विचारायची, "आज कुणाचं जेवण, बाई?" बाई म्हणायच्या, "चौथीतल्या मुलीचं. गाजरं कोवळी दे, तिचे दात पडलेत."

तेव्हा कोरोना नुकताच सरला होता. दोन वर्षं घरात बसून मुलं फुगली होती आणि विषाणू हा शब्द शेंबड्या पोरालाही कळत होता. बाईंच्या डोक्यात मात्र दुसराच एक विषाणू बऱ्याच आधीपासून होता. सर्दी-खोकला आणणाऱ्या, डोळे आणणाऱ्या विषाणूंचं एक मोठं घराणं आहे. त्यातल्या एकाबद्दल शास्त्रज्ञांना शंका आहे की तो येऊन गेला की अंगात चरबी साठायला मदत होत असावी. प्राण्यांमध्ये तसं दिसलंय. माणसांत नक्की काय, यावर अजून वाद आहे. त्यातही बाईंना कुतूहल होतं ते इलाजाचं. ज्या मुलांच्या रक्तात त्या विषाणूशी पूर्वी झुंज झाल्याच्या खुणा सापडतात, ती मुलं सारखाच इलाज करूनही सावकाश उतरतात का? काही ठिकाणी तसं दिसलं होतं, काही ठिकाणी दिसलं नव्हतं. बाई हे जेव्हा सांगायच्या तेव्हा 'कदाचित' हा शब्द इतका ठासून म्हणायच्या की समोरच्याला तेवढाच ऐकू यावा.

एका आजींना त्या हे समजावत होत्या. म्हणाल्या, आधी असलाच एक विषाणू कोंबड्यांमध्ये दिसला होता. आजी ताडकन म्हणाल्या, "आमच्या सात पिढ्यांत कोंबडी शिजलेली नाही." बाईंनी शांतपणे विचारलं, "सर्दी झालेली आहे का सात पिढ्यांत?"

"ती झाली असेल की."

"मग झालं. कोंबड्यांचा निराळा, माणसांचा निराळा, घराणं एक. कोंबडी खावी लागत नाही, शेजारी बसून कोणी शिंकलं तरी पुरतं."

"म्हणजे सर्दीनं पोर जाड होतं म्हणता?"

"होतं असं नाही म्हणत, आजी. होत असेल का, असं म्हणतेय."

आजी घरी जाऊन काय म्हणाल्या असतील देव जाणे. पण पुढच्या खेपेला त्यांनी नातवाला 'खादाड' म्हटलं नाही, हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

बाईंची एक वर्गमैत्रीण मोठ्या प्रयोगशाळेत होती. तिथे अभ्यासापुरती ही तपासणी व्हायची. आईवडिलांची लेखी संमती घेऊन बाई काही मुलांचं रक्त तिकडे पाठवायच्या. मी एकदा विचारलं, "बाई, या विषाणूवर औषध नाही, लस नाही. खुणा सापडल्या तरी आपण तेच जेवण देणार, तेवढंच पळवणार. मग उपयोग काय?" त्या म्हणाल्या, "सावकाश उतरणाऱ्या पोराकडे मी दमानं बघीन. एवढा उपयोग पुरे की." मला ते काही फारसं पटलं नव्हतं.

आणि मग प्रज्ञा आली. अकरा वर्षांची, सहावीतली, येरवड्याहून आईबरोबर यायची. वडील ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. आई मूळची अकोल्याकडची, इथे सरकारी कचेरीत कारकून. सगळ्या मुलांना आम्ही खाल्लेलं लिहायला वही देतो. बहुतेक वह्या चौथ्या दिवशी आया लिहायला लागतात. प्रज्ञानं आपल्या शंभर पानी वहीला खाकी कव्हर घातलं, समास आखला आणि वही भिजू नये म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणायला लागली. वहीत असायचं: 'शेंगदाणा एक, खाली पडलेला, पुसून खाल्ला.' 'वर्गात वाढदिवस. चॉकलेट मिळालं. घरी आणलं. आईला दिलं.' मी आजवर असल्या कितीतरी वह्या वाचल्यात. अशी वही पुन्हा पाहिली नाही.

तीन महिने झाले. तिच्याबरोबर आलेली पोरं थोडीथोडी उतरली. प्रज्ञाचा काटा जागचा हलेना. एव्हाना मला टोपडं उचलायची परवानगी मिळाली होती.

त्याच सुमाराला बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. जाताना म्हणाल्या, "पंधरा दिवस टोपडं तुझ्या ताब्यात. चार्टला हात लावू नकोस." मी हात लावला. काय करणार, मला स्वतःला सिद्ध करायचं होतं ना. बाई परत येतील तेव्हा प्रज्ञाचा आकडा खाली आलेला दाखवायचा, असं मी मनात घेतलं. सकाळची अर्धी भाकरी काढली, मधल्या सुट्टीतले फुटाणे काढले, शाळेतून आल्यावरचं दूध-पोळी काढलं. चार दिवसांनी बोलावून वजन केलं. काटा तिथेच. मग माझं डोकं फिरलं. पोरीच्या देखत तिच्या आईला म्हटलं, "अहो, एवढ्यावर वजन हलत नाही म्हणजे पोरगी चोरून खाते. एवढ्याशा खाण्यावर कोणी राहूच शकत नाही, चोरतातच. मी स्पष्ट बोलणारी आहे."

प्रज्ञा म्हणाली, "नाही ताई. वहीत आहे सगळं."

मी म्हटलं, "वहीत काय, कोणी काहीही लिहितं."

तिनं वही मिटली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली. मला अजून ती गाठ मारणारी बोटं दिसतात.

पंधरवड्यानंतर बाई काळा चष्मा लावून हजर झाल्या. पहिल्याच दिवशी प्रज्ञाची वेळ होती. बाईंनी वही मागितली. चष्मा काढून, वही डोळ्यांजवळ धरून त्या वाचायला लागल्या. एका पानावर थांबल्या आणि मोठ्यानं वाचलं, "चार वाजून दहा. पाणी, दोन पेले. कपाटाला कुलूप आहे." पान उलटलं. "चार वाजून दहा. पाणी, दोन पेले. कपाटाला कुलूप आहे." पुढची आठ-नऊ पानं तेच होतं.

"कसलं कुलूप?" बाईंनी विचारलं.

प्रज्ञाची आई म्हणाली, "ताईंनी सांगितलं न, चोरून खाते म्हणून. मी कचेरीतून सहाले येतो घरी. पोरगी एकटीच राहते. म्हणून मंग खाण्याच्या कपाटाले कुलूप लावलं."

"ते आज काढा. आणि जेवण उद्यापासून पहिल्यासारखं."

"काढतो. पण बाई, खरंच खात नसेल न ती?" हे तिनं पोरगी शेजारी बसलेली असताना विचारलं. प्रज्ञा आपल्या बुटांकडे बघत होती. त्या क्षणी मला कळलं की मी काय करून ठेवलंय. माझ्या एका वाक्यानं त्या मुलीचा शब्द तिच्याच घरात खोटा ठरला होता. वजनाचं आज ना उद्या काहीतरी होईल, पण हे कसं भरून यायचं?

बाईंनी त्या दिवशी संमती घेऊन रक्ताचा नमुना घेतला आणि तो विषाणूचा मुद्दा त्यांच्या पद्धतीनं, चार वेळा कदाचित म्हणत, समजावून सांगितला. पण आईच्या डोक्यात एकच पक्कं बसलं. जाताना ती म्हणाली, "मंग रिपोर्ट येऊ द्या. रिपोर्टात समजेल खरं का खोटं." बाई म्हणाल्या, "रिपोर्टात विषाणूचं समजेल. पोरीचं नाही." ते त्या माउलीनं ऐकलंच नाही.

दोघी गेल्यावर बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "एवढ्यावर कोणी राहूच शकत नाही, चोरतातच, असं म्हणालीस?"

"हो."

"तू राहून बघितलंस?"

"नाही."

"तिनं पंधरा दिवस काढले. उद्यापासून पंधरा दिवस आपण दोघी. तिच्या वहीत आहे तेवढंच, त्याच वेळेला. चारला पाणी, दोन पेले."

मी म्हटलं, "बाई, तुमचं ऑपरेशन झालंय." त्या म्हणाल्या, "डोळ्याचं झालंय. पोटाचं नाही."

ते पंधरा दिवस मी जन्मात विसरणार नाही. तिसऱ्या दिवशी मी रिक्षावाल्याशी भांडले. पाचव्या दिवशी नवऱ्याशी, त्यानं दारात उभं राहून केळं खाल्लं म्हणून. सकाळचे अकरा वाजले की डोक्यात दुसरा विचारच येत नसे. समोर पोर बसलेलं असायचं, आई काहीतरी सांगत असायची आणि मी त्यांच्या डब्याच्या पिशवीकडे बघत असायचे. बाई समोरच्या टेबलाशी. अकरा वाजले की त्या फडकं घेऊन शिक्का पुसायला लागायच्या. चांगला स्वच्छ शिक्का, रोज पुसायच्या. मी त्यांच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं होतं, कारण त्यांनी एखादा तरी फुटाणा चोरावा अशी माझी फार इच्छा होती. नाही चोरला. सत्तरीची बाई, पण वहीबाहेरचा दाणा तोंडात गेला नाही. मला त्यांचा राग यायचा, भीती वाटायची आणि मनातून हात जोडावेसेही वाटायचे. हे सगळं अकरा ते बाराच्या दरम्यान.

नवव्या दिवशी संध्याकाळी मी भाजी आणायला म्हणून मंडईत गेले. कोपऱ्यावर वडे तळत होते. पुढचं काय सांगू? रस्त्याकडे पाठ केली आणि उभ्या उभ्या खाल्ले. जीभ भाजली तरी थांबले नाही. मग ओढणीनं तोंड पुसलं आणि घरी येऊन वहीत लिहिलं, 'पाच वाजता ताक, एक पेला.' ते ताक मी प्यायलेच नव्हते. तोंडाला तेलाचा वास आला तर पोट बिघडलंय म्हणायची सोय करून ठेवली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझी वही बघितली. "ताक?"

"हो. जरा मळमळत होतं."

"बरं," त्या म्हणाल्या आणि वही परत दिली.

पंधरावा दिवस संपला. बाईंनी शिक्का बाजूला ठेवून विचारलं, "मग? चोरल्याशिवाय राहता येतं?"

"येतं," मी म्हटलं.

"तू राहिलीस?"

"हो."

त्या 'हो'नं मला दोन दिवस अन्न गोड लागू दिलं नाही, आता सगळं खायची मुभा असून. मी मोठी बाई, पगारी नोकरी करणारी, पोट भरायला मोकळी, आणि नवव्या दिवशी चोरून खाऊन वर वहीत खोटं लिहिणारी. आणि ज्या पोरीला मी खोटारडी म्हटलं, तिनं तेच दिवस वाढत्या वयात, एकटीनं, दोन पेले पाण्यावर काढले होते. बुधवारी मला राहवेना. दवाखाना बंद करताना म्हटलं, "बाई, मी मंडईत वडा खाल्ला होता."

बाई बुटाची नाडी बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला कशाला सांगतेस? मी कुठे तुला खोटारडी म्हटलं? जिला म्हणालीस तिला सांग."

"परवा शुक्रवारी प्रज्ञा येणारच आहे. रिपोर्टही परवाच येतोय. तेव्हा सगळं एकदमच बोलते."

"रिपोर्टच्या आधी जा. उद्या जा."

"एका दिवसानं काय फरक पडतो?"

आता त्यांनी मान वर केली. "विषाणूच्या खुणा निघाल्या आणि मग तू माफी मागितलीस, तर ती माफी विषाणूमुळे. पोरगी खरं बोलत होती म्हणून नव्हे. आणि खुणा नाही निघाल्या, तर तू जाणारच नाहीस. ओळखते मी तुला."

पायऱ्या उतरताना माझे कान गरम झाले होते. कारण बाई म्हणाल्या ते शब्दन् शब्द खरं होतं.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता मी येरवड्याला गेले. दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली प्रज्ञाचं दप्तर. स्वयंपाकाच्या कपाटाला कुलूप लावलेलं नव्हतं, पण उघडं कुलूप कडीत तसंच लटकवून ठेवलं होतं. आईनं चहा टाकला. मी म्हटलं, चहा नंतर, आधी प्रज्ञाला बोलवा. ती येऊन उभी राहिली. मी घरून चार वाक्यं जुळवून नेली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

"प्रज्ञा, तुझं जेवण मी कमी केलं होतं, ते चूक होतं. आणि तू चोरून खातेस म्हणाले, ते खोटं होतं. तुझ्या वहीप्रमाणे मी जेवून बघितलं. मला नाही जमलं. मीच मंडईत चोरून वडा खाल्ला आणि वहीत लिहिला नाही. मला माफ कर."

 मग तिनं विचारलं, "कितव्या दिवशी?"

"नवव्या."

"नववा दिवस फार वाईट असतो," ती म्हणाली. माझी समजूत काढावी तशी म्हणाली. "दहाव्या दिवसापासून जरा सवय होते. मी पाणी पिऊन पाढे म्हणायचे."

आईच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "काहून वं," ती म्हणाली, "इतकी भूक लागे तर मले काहून नाही सांगितलं?"

"वहीत लिहिलं होतं," प्रज्ञा म्हणाली.

चहा उतू गेला, कोणी गॅस बंद केला आठवत नाही. आईनं ते कुलूप कडीतून काढलं, ठेवायला जागा सापडेना म्हणून हातातच धरून उभी राहिली, आणि मग पोरीला जवळ ओढून तिच्या पाठीवर ते कुलूप धरलेला हात फिरवत रडली. मीही रडले. रडणारी मी नाही, पण तिथे नाही म्हणण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात आल्या तेव्हा बाईंनी पाकीट फोडलं नव्हतं. आमच्या सगळ्यांच्या समोर फोडलं. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

"खुणा नाहीत," त्या म्हणाल्या.

माझ्या पाठीला घाम फुटला. काल गेले नसते तर? आज हा कागद बघून मी गप्प बसले असते. बाई म्हणाल्या तशीच बसले असते. आणि ती पोरगी कायमची चोर ठरली असती, तीही रिपोर्टाच्या पुराव्यानिशी.

"म्हणजे काय म्हणायचं?" आईनं विचारलं.

"म्हणजे तो विषाणू हिच्या बाबतीत कारण दिसत नाही. मग काय कारण आहे?" बाईंनी शिक्का उचलला, फुंकर मारली, केसपेपरवर ठप्पकन मारला. "शोधत राहू. वेळ लागेल."

प्रज्ञाच्या आईनं तो जांभळा शिक्का वाचला. मला वाटलं आता ही भडकणार. ती म्हणाली, "लागू द्या. तिनं खाल्लं नाही, एवढं तर मले माहीत आहे."

बाई हसलेल्या मी क्वचित पाहिल्यात. तेव्हा हसल्या. पुढे वर्ष-दीड वर्षानं प्रज्ञाचं वजन सावकाश मार्गी लागलं, उंचीही वाढली, आणि नेमकं कशानं ते आम्हाला कळलं नाही. खुणा निघालेल्या मुलांनाही आणि न निघालेल्यांनाही बाईंनी शेवटपर्यंत त्याच दमानं वागवलं. आता त्यांचे गुडघे जिने चढू देत नाहीत. शिक्का आणि टोपडं माझ्याकडे आलंय. पण मला आठवतो तो त्या शुक्रवारचा शेवट.

बाईंनी नेहमीप्रमाणे प्रज्ञाची वही मागितली. तिनं पिशवीची गाठ सोडून दिली. बाई गुरुवारच्या पानाशी थांबल्या. भाजी-पोळीच्या खाली, समास सांभाळून, लिहिलं होतं: 'ताई घरी आल्या. त्यांनी नवव्या दिवशी मंडईत एक वडा खाल्ला होता. त्यांनी स्वतः सांगितलं.'

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे बघितलं.

"एकच?"

त्यांना कसं कळलं, हे मी आजवर विचारलेलं नाही. पाचच्या सुमाराला त्या रोज मंडईत असायच्या, एवढं मला तेव्हा आठवायला हवं होतं. म्हणजे माझं ताक त्यांनी वाचलं होतं, माझं 'हो' ऐकलं होतं, आणि सगळं ठाऊक असून मला एका शब्दानं पकडलं नव्हतं. माझी मी कधी सांगते, याची वाट बघत राहिल्या होत्या.

"दोन," मी म्हटलं.

बाईंनी टेबलावरचं पेन माझ्यापुढे सरकवलं. "दुरुस्त कर. तिची वही आहे, त्यात चुकीचं राहायला नको."

मी 'एक' खोडून 'दोन' लिहिलं. खाली लिहिलं, 'ताक प्यायले नव्हते', आणि सही केली. प्रज्ञानं वही आपल्याकडे ओढून घेतली आणि बोट ठेवून सगळं वाचलं.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली, आणि वही पिशवीत घातली.